वावरातले गोटे आणि जेसीबी

मैत्रिणींनो, वावरात मोठमोठ्या गोट्यांचं गोल रिंगण दिसलं तर आपण काय करतो? वखर अडतो म्हणून कुरकुरतो. आणि ले-आउट पडायला लागलं की जेसीबीवाला अर्ध्या तासात ते सगळे गोटे धुऱ्याकडे लोटून देतो. जागा मोकळी!

नागपूरच्या वर्धा रोडवरचं मिहान आठवा. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांची वावरं प्रकल्पात गेली. मोबदला किती, पुनर्वसन कुठे, यावर घरोघरी बोलणं झालं. पण त्या मातीखाली काय आहे, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं?

विचारायला हवं होतं, कारण नागपूरच्या आसपासचा मुरमाड माळ अशा रिंगणांसाठी प्रसिद्ध आहे. ही शिळावर्तुळं म्हणजे अडीच हजार वर्षांहूनही जुन्या दफनाच्या जागा. काटोल रोडकडच्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० आहेत. तिथल्या वर्तुळांवर रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच लिहून ठेवलं. बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट आणि खापा इथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. (हे खापा वेगळं, मिहानची खापरी वेगळी.) खाप्याला वर्तुळं, तर टाकळघाटला त्या लोकांची वस्ती सापडली. माहुरझरीला मणी घडवले जात. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली.

सोन्याचे हंडे मात्र कुठेच नाहीत हो! गुप्तधनाच्या नादाने रात्री वर्तुळ खोदणाऱ्याच्या हाती लागतात काळी-तांबडी खापरं, गंजलेली कुऱ्हाड, हाडांचे तुकडे. आणि तो निघून गेल्यावर अभ्यासकालाही तिथे काही वाचता येत नाही. खरं उत्खनन संथ असतं. चौकोन आखायचा, थर-थर माती काढायची, वस्तू जिथे असेल तिथेच तिचा फोटो आणि नकाशा घ्यायचा, मग माती चाळायची. घमेली वाहायला, चाळायला, खापरं धुवायला बऱ्याचदा गावातल्या बायाच असतात. त्यांची नजर भारी पक्की, मोहरीएवढा मणीही सुटत नाही.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाआधी असं काम करून घेण्याचा खर्च बहुधा बिल्डरवर पडतो आणि त्यासाठी खास कंपन्या आहेत. आपल्याकडे पैसे देऊन कुणालाही खोदायला लावता येत नाही. १९५८ च्या कायद्याने राज्य सरकारलाही उत्खननाआधी केंद्राची मंजुरी लागते.

खरी भीती वेगळीच असते: "सांगितलं तर जमीन अडकंल नं बाई!" म्हणून गोटे गुपचूप हलतात. ही भीती अगदीच खोटी नाही, पण वाटते तितकी मोठीही नाही. २०१० च्या दुरुस्तीने आलेली १०० मीटरची बांधकामबंदी केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जागांभोवती आहे, वावरात निघालेल्या प्रत्येक खापराभोवती नाही. सरकारी उत्खननात मालकाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद त्याच १९५८ च्या कायद्यात आहे. उलट लपवणंच महागात पडू शकतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. रक्कम बघा, दहा रुपये! लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा प्लॉटिंगच्या आधी वावरातून एक चक्कर मारा. रिंगण दिसलं तर फोटो काढा, गट नंबर लिहा आणि तहसील कार्यालयात अर्ज द्या. एक प्रत नागपूरच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा. आणि हो, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.