दोन गाठी, दोन जोड

“म्हणजे पसरलाय का, डॉक्टर?” मोठ्या आतड्यात दोन ठिकाणी कॅन्सर आहे म्हटल्यावर निफाडकडच्या एका रुग्णाच्या कुटुंबानं आशाच सोडली होती. नाशिकच्या रुग्णालयात सर्जननी कागदावर आतडं काढून दाखवलं: डावीकडची गाठ वेगळी, उजवीकडची वेगळी. दोन कॅन्सर स्वतंत्र आहेत हे ठरवण्याची, 1932 मध्ये वॉरन आणि गेट्स या संशोधकांनी घालून दिलेली कसोटी आजही तीच आहे. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच हव्यात, एकमेकींपासून सुट्या हव्यात आणि एक दुसरीतून पसरलेली नसावी.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच जणांना अशी जोडगाठ असते. ती शोधावी लागते. शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे महिनोन्‌महिने मूळव्याधीचं औषध चालतं. तोवर डावीकडची गाठ वाट अडवते, दुर्बीण पुढे सरकत नाही आणि पलीकडचं आतडं पाहायचंच राहून जातं. या रुग्णाच्या वेळी लहान मुलांसाठीची बारीक दुर्बीण वापरली, म्हणून उजवीकडची गाठ दिसली. तिच्याशेजारी शाई टोचून खूण केली.

पोट उघडल्यावर सर्जननी लगेच काही कापलं नाही. आधी यकृतावरून हात फिरवला, मग अपेंडिक्सपासून गुदाशयापर्यंत आतडं बोटांतून सरकवत चाचपलं. शाईचा निळा-काळा डाग बाहेरूनही स्पष्ट दिसत होता.

जवळजवळ सगळं मोठं आतडं काढून लहान आतडं गुदाशयाला जोडता आलं असतं. जोड एकच झाला असता, पण दिवसातून चार-पाचदा शौचाला जावं लागतं, आणि शेतात राबणाऱ्या माणसाला ते फार जड जातं. रुग्ण तरुण असता किंवा लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष निघाला असता, तर तोच मार्ग धरला असता, कारण अशा आतड्यात पुन्हा गाठ होण्याची भीती मोठी. बायोप्सीच्या तुकड्यावर त्यासाठीची चार प्रथिनं तपासली होती; चारही शाबूत होती. म्हणून ठरलं, दोन भाग वेगळे काढायचे, दोन जोड करायचे आणि मधलं आतडं वाचवायचं.

खरी कसोटी इथेच होती. दोन्ही बाजूंच्या धमन्या बांधल्या की मधल्या भागाला रक्त पुरतं का? मधली धमनी आणि आतड्याच्या कडेनं धावणारी बारीक धमनी, त्याचा सगळा भार यांच्यावर. डावीकडच्या धमनीची वर जाणारी फांदीही सर्जननी सोडवून राखली. त्यात बराच वेळ गेला, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. कापलेल्या काठावर लालभडक रक्त ठिबकल्यावरच त्यांनी स्टेपलर मागितला. खालचा जोड झाल्यावर ओटीपोटात सलाईन ओतून गुदद्वारातून हवा भरली. बुडबुडे आले नाहीत.

दोन तुकडे दोन बरण्यांतून पॅथॉलॉजीत गेले. प्रत्येकातून निदान 12 लसिकाग्रंथी शोधायच्या, प्रत्येक गाठीची स्टेज स्वतंत्र लावायची. किमोथेरपी द्यायची का, हे दोहोंतली जास्त वाढलेली गाठ ठरवते. रुग्णाची पुढची दुर्बीण तपासणी वर्षभरानं आहे. त्याच्या दोन्ही भावांनी चाळिशी ओलांडलीय, त्यांनाही तपासून घ्यायला सांगितलंय.