पुणे वॉरिअर्स : २०१२ चा हंगाम

इंडियन प्रीमिअर लीग या व्यावसायिक क्रिकेट स्पर्धेतील पुण्याच्या संघाचा (२०११–१३) दुसरा हंगाम. कर्करोगावरील उपचारांमुळे युवराज सिंग खेळू शकला नाही. नेतृत्व मुख्यत्वे सौरव गांगुलीकडे होते. पहिल्या सात सामन्यांत चार विजय मिळाले. त्यानंतरचे नऊही सामने संघाने गमावले. गहुंजे येथील घरच्या मैदानावर ३ मे रोजी १२१ धावांचे माफक लक्ष्य असताही मुंबई इंडियन्सकडून एका धावेने झालेला पराभव या पडझडीचा ठळक नमुना होय. १६ सामन्यांत १२ पराभव पत्करून संघ नऊ संघांत अखेरचा ठरला. तळाच्या संघास खालच्या श्रेणीत ढकलण्याची प्रथा या स्पर्धेत नसल्याने त्याचे स्थान टिकले. मात्र मालक सहारा समूह व भारतीय क्रिकेट नियामक मंडळ यांच्यातील शुल्काच्या वादातून २०१३ मध्ये संघ संपुष्टात आला.