खोडीतील मूक पात्र

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना वाटेत तेवर हे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजशेखर हा कवी कनोज सोडून येथे आला आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही चार अंकी नाटिका युवराजदेवाच्या सभेपुढे सादर झाली. आपल्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणविणाऱ्या या कवीने नाटिकेचे सारे कथानक एकामागून एक काढलेल्या खोड्यांवर उभारले आहे. खोडीवर उभारलेल्या कलाकृतीत हसू कोणाच्या वाट्याला येते आणि त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. एका अमेरिकन चित्रपटाच्या संदर्भात तो पुन्हा विचारण्याजोगा वाटतो.

‘नॅशनल लॅम्पून्स अ‍ॅनिमल हाउस’ हा चित्रपट १९७८ साली जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केला. हॅरल्ड रॅमिस, डग्लस केनी आणि ख्रिस मिलर हे त्याचे लेखक होत. मिलर यांनी डार्टमथ कॉलेजातील आपल्या दिवसांवर लिहिलेल्या कथा त्याच्या मुळाशी आहेत. अमेरिकन विद्यापीठांतून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. अनेक मंडळांचे स्वतःचे घर असते, नवा सभासद निवडून घेतला जातो व दीक्षाविधीनंतरच तो ‘बंधू’ ठरतो. आपल्याकडील वसतिगृहात खोली मिळते. तेथे कुळ मिळते. चित्रपटाचा काळ १९६२, स्थळ फेबर नावाचे काल्पनिक कॉलेज. ओमेगा हे प्रतिष्ठितांचे मंडळ, तर डेल्टा हे उनाडांचे. डीन वर्मर डेल्टाला हाकलून देण्याच्या विचाराने पछाडलेला आहे आणि ओमेगाचे तरुण त्याचे हस्तक आहेत.

या दोन मंडळांचे दीक्षाविधी चित्रपट शेजारी शेजारी ठेवतो, हे त्याचे मर्म होय. ओमेगाच्या घरी अंधूक उजेडात, झगे पांघरून, गंभीर मुद्रेने नवागताला फळीचे फटके मारले जातात आणि प्रत्येक फटक्याबद्दल आभार मानून त्याने पुढचा मागावयाचा असतो. डेल्टाच्या घरी बिअर सांडत शपथ दिली जाते आणि प्रत्येकाला एक टोपणनाव मिळते. क्रौर्य शिस्तीचा पोशाख घालून येते, माणुसकी मात्र अव्यवस्थेत नांदते, असा हा विरोध आहे. एल्मर बर्नस्टाइन यांच्याकडून पार्श्वसंगीत गंभीर नाट्याला शोभेल असे करवून घेतले गेले, तेही याच हेतूने. कॉलेजचा दिमाख संगीताने जितका उंचावतो, तितका त्याचा डोलारा हास्यास्पद होतो.

येथपर्यंत चित्रपटाची खोडी वरच्या दिशेने जाते. राजशेखराची खोडी नेमकी उलट, वरून खाली उतरते. राणीच्या बाजूने विदूषकाला लग्नाचे आमिष दाखविले जाते आणि वधूच्या वेषात एक दास त्याच्यापुढे उभा केला जातो. चिडलेला विदूषक सूड घेतो तो राणीवर नव्हे, तिच्या दूधबहिणीवर, मेखलेवर. मृत्यूचे भय घालून तो तिला ब्राह्मणाच्या पायांखालून रांगावयास लावतो. मग राणी राजाचे लग्न, ज्याला ती मुलगा समजते अशा मृगांकवर्म्याशी, थट्टेने लावून देते; पण तो मुलगा वस्तुतः लाटदेशाची राजकन्या मृगांकावली निघतो आणि थट्टा राणीवरच उलटते. राजाला या साऱ्यात फायदाच होतो. नाटिकेचा नियमच असा, की अखेरीस ज्येष्ठ राणीच्या संमतीने नायकाचा विवाह व्हावा. व्यवस्था हसते आणि तशीच राहते.

डेल्टाचे वीर शेवटी गावची मिरवणूक उधळून लावतात, तेव्हा व्यवस्था खरोखर मोडते काय? पडद्यावर उमटणारी अखेरची वाक्ये याचे उत्तर देतात. ओमेगाचा उद्दाम नीडरमायर व्हिएतनाममध्ये स्वतःच्याच सैनिकांकडून मारला जातो. जॉन बेलुशी यांनी अविस्मरणीय केलेला ब्लूटो मात्र सिनेटर होतो. बंडखोरही अखेर सत्तेच्या घरातलेच होते, ही त्या विनोदातील सर्वांत बोचरी नोंद होय.

घराबाहेरचा कोण, हे चित्रपटाच्या आरंभीच दाखविलेले आहे. ओमेगाच्या मेजवानीत नकोशा पाहुण्यांना एका कोपऱ्यातील कोचावर नेऊन बसविले जाते. त्यांत एक जगदीश आहे. भारतीय प्रेक्षक या नावाशी क्षणभर थांबतो. जगदीशच्या त्या कोचावर प्रेक्षागृह हसते. पुढील कथेत त्याला काही काम नाही. त्रिपुरीच्या नाटिकेत वधूवेष चढविलेला तो दासही असाच. विदूषकाचा संताप सविस्तर रंगतो, मेखलेचे भयही रंगते. ज्याच्या अंगावर लुगडे चढविले त्याला काय वाटले, हे कोणी विचारीत नाही. डेल्टाही याला सर्वस्वी अपवाद नाही. नीडरमायरच्या छळाने गांजलेल्या नवागत फ्लाउंडरच्या हाती पिस्तूल देऊन डीनच्या कचेरीत घोडा मारण्याची थट्टा त्याचेच ‘बंधू’ करतात. काडतुसे पोकळ असतात, पण घोडा भीतीनेच मरतो.

हा प्रश्न केवळ रसचर्चेचा नाही. दीक्षाविधी आपल्या वसतिगृहांत ‘रॅगिंग’ या नावाने अवतरला आणि ‘ही तर थट्टा’ हेच त्याचे समर्थन होऊन बसले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ मध्ये आले. कायदा कृत्याचा न्याय करतो. थट्टा कोठे संपली हे ओळखण्याची दृष्टी मात्र साहित्याने द्यावयाची असते. राजशेखराचे नैपुण्य आणि ‘अ‍ॅनिमल हाउस’चे चैतन्य, दोन्ही मान्य करूनही समीक्षकाने त्या कोचाकडे आणि त्या दासाकडे पाहिले पाहिजे. ज्या खोडीत एक माणूस हसण्याच्या उपयोगाचा असतो आणि हसण्याचा अधिकारी नसतो, ती खोडी कोणत्याही घरी घडो, फळीच्या फटक्याचीच सख्खी बहीण होय.