कायदा कोणाचा, नियम कोणाचे ?

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परगांवीं राहणारा धनी मिळकतीची व्यवस्था पाहण्यासाठीं मुखत्यार नेमतो आणि त्यानें काय करावें व काय करूं नये हें कागदावर लिहून देतो. कागद स्पष्ट असला म्हणजे तंटा सहसा उद्भवत नाहीं. पण ‘योग्य वाटेल तें करावें’ एवढेंच धन्यानें लिहिलें, तर मिळकतीचा खरा मालक कोण, असा प्रश्न कांहीं वर्षांनीं पडल्यावांचून राहत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच प्रश्न पडलेला आहे. तेथील मध्यवर्ती सरकारच्या खात्यांना नियम करण्याचा जो अधिकार मिळाला आहे, त्याला मर्यादा कोणी व कशी घालावी, याचा आज विचार करूं.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. तिच्या पहिल्याच कलमानें कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे सिनेट व प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या तेथील कायदेमंडळाकडे, दिला. परंतु आगगाडीचे दर किती असावे, कोणतें औषध निर्धोक समजावें, कारखान्याच्या धुराड्यांतून कोणता वायु किती सोडूं द्यावा, हें ठरविण्यास त्या त्या विषयाचे जाणकार लागतात. म्हणून १८८७ सालीं रेल्वेवर देखरेख करण्यासाठीं आंतरराज्य व्यापार मंडळ स्थापन झालें, आणि पुढें अशीं अनेक मंडळें व खातीं निघालीं. काँग्रेसनें कायद्याचा सांगाडा उभा करावा व खात्यांनीं नियम करून तो भरून काढावा, अशी वहिवाट पडली. नियम मोडणारास शिक्षा होते. तेव्हां नांव नियमाचें असलें, तरी सामान्य माणसाला तो कायदाच असतो.

या वहिवाटीचा लाभ मोठा आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९६० सालीं थॅलिडोमाइड नांवाच्या झोंपेच्या औषधाला परवानगी मिळावी, असा अर्ज तेथील अन्न व औषध खात्याकडे आला. युरोपांत तें सर्रास विकलें जात होतें. खात्यांतील डॉक्टर फ्रान्सेस केल्सी यांनीं पुरावा अपुरा म्हणून अर्ज वारंवार परत केला. पुढें १९६१ च्या अखेरीस उघडकीस आलें कीं, गर्भवतींनीं तें औषध घेतल्यामुळें इतर देशांत हजारों बालकें हातापायांनीं अधू जन्मलीं होतीं. अमेरिका या संकटांतून बव्हंशीं वांचली. खात्यांचे हात अजीबात बांधावे असें म्हणणारांनीं हें उदाहरण विसरूं नये.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. १९३३ च्या मंदींत काँग्रेसनें अध्यक्ष रूझवेल्ट यांना प्रत्येक धंद्यासाठीं ‘न्याय्य स्पर्धेचे’ नियम मंजूर करण्याचा अधिकार दिला. न्याय्य म्हणजे काय, हें मात्र कायद्यांत नीट सांगितलें नव्हतें. ब्रुकलिनमधील शेक्टर नांवाच्या कोंबडीविक्यांवर खटला झाला. गिऱ्हाइकाला खुराड्यांतून हवी ती कोंबडी निवडूं दिली, हाही त्यांच्यावरील आरोपांपैकीं एक होता ! १९३५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, काँग्रेसला आपला कायदे करण्याचा अधिकार असा मोघमपणें दुसऱ्याच्या हातीं देतां येणार नाहीं.

यानंतर तीन प्रकारचे लगाम तयार झाले. पहिला लोकांच्या हातीं. १९४६ च्या कायद्याप्रमाणें नियमाचा मसुदा सामान्यतः आधीं सरकारी गॅझेटांत छापावा लागतो, लोकांच्या लेखी सूचना घ्याव्या लागतात, आणि अंतिम नियमाबरोबर त्याचीं कारणें द्यावीं लागतात.

दुसरा लगाम काँग्रेसच्या हातीं. १९९६ च्या कायद्यानें नवा नियम दोन्ही सभागृहांपुढें ठेवावा लागतो व तीं ठराव करून तो रद्द करूं शकतात. परंतु त्या ठरावावर अध्यक्षांची सही लागते, आणि आपल्याच खात्याचा नियम मोडण्यास अध्यक्ष क्वचितच तयार होतात. म्हणून सत्तांतर झाल्यावरच हें शस्त्र बहुधा उपयोगी पडतें. मोठ्या आर्थिक परिणामाचा नियम काँग्रेसनें मंजूर केल्याशिवाय अमलांतच येऊं नये, असें विधेयक प्रतिनिधिगृहानें २०११ सालीं व पुन्हां २०२३ सालीं संमत केलें. दोन्ही वेळां तें सिनेटमध्यें अडलें.

तिसरा लगाम न्यायालयांचा. १९८४ सालीं शेव्हरॉन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें कीं, कायद्याची भाषा संदिग्ध असेल, तर खात्यानें लावलेला वाजवी अर्थ न्यायाधीशांनीं मानावा. हें तत्त्व चाळीस वर्षें चाललें. पुढें हेरिंग मासळी धरणाऱ्या कोळ्यांनीं दावा लावला. होडीवर सरकारी निरीक्षक घ्यावा लागेल, असें कायद्यांत होतें; त्याचा पगार त्या कोळ्यांनीं द्यावा, असें मात्र त्यांत स्पष्ट नव्हतें. नियमानें तो बोजा त्यांच्यावर टाकला, आणि तो दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. २८ जून २०२४ रोजीं न्यायालयानें शेव्हरॉनचें तत्त्व रद्द केलें. कायद्याचा अर्थ लावणें हें न्यायाधीशांचें काम आहे, असें मुख्य न्यायमूर्ति जॉन रॉबर्ट्स यांनीं लिहिलें. तज्ज्ञांचें काम न्यायालय स्वतःकडे ओढून घेत आहे, असा न्यायमूर्ति एलेना केगन यांच्या विरुद्ध मताचा रोख होता.

दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्याच्या खिशांतून पैसा जातो, त्या कोळ्याला ‘हा हुकूम कोणत्या कायद्याचा ?’ असें विचारण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण न्यायाधीश हा कांहीं मासळीचा किंवा औषधांचा जाणकार नव्हे, आणि मध्यवर्ती न्यायाधीशाला लोक निवडूनही देत नाहींत. खात्याचा अधिकार काढून न्यायालयाला दिला, एवढ्यानें तो लोकांकडे परत येत नाहीं.

माझ्या अल्पमतीनें दोषाचें मूळ अन्यत्र आहे. मोघम कायदा करणें प्रतिनिधींना सोईचें असतें. ‘हवा शुद्ध राहावी’ असें म्हटल्याचें श्रेय त्यांना मिळतें, आणि त्यासाठीं खर्च कोणी करावा हें ठरविण्याचा वाईटपणा खात्याकडे जातो. खात्यांनीं नियम करावे. त्यांच्यावांचून राज्य चालणार नाहीं. परंतु हेतु कोणता, मर्यादा कोणती आणि बोजा कोणावर, या तीन गोष्टी कायद्यांतच लिहिलेल्या असाव्या. मुखत्यारावर पहारे कितीही बसविले, तरी धन्यानें कागद स्पष्ट लिहिण्याचें टाळलें, तर मिळकत सुरक्षित राहत नाहीं.