खेळकर विनोदाचे इंग्रजी शब्द

थट्टा, मस्करी, मिस्कीलपणा अशा हलक्याफुलक्या वृत्तीचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी शब्दांचा हा एक गट आहे. जोक्युलर, फेसिशस, वॅगिश, व्हिम्झिकल आणि बँटर हे त्यांपैकी नेहमी वाचनात येणारे शब्द होत. मराठीत या सर्वांसाठी सरसकट ‘विनोदी’ हे विशेषण योजले जाते. त्यामुळे अर्थाच्या छटा पुसल्या जातात; एका शब्दाच्या बाबतीत तर प्रशंसा आणि कानउघाडणी यांतील भेदच नाहीसा होतो.

तो शब्द म्हणजे फेसिशस. त्याच्या मूळ लॅटिन शब्दात चातुर्य व नागर विनोद यांचा गौरव होता. आजच्या इंग्रजीत मात्र गंभीर प्रसंगी अस्थानी केलेल्या थट्टेस हे विशेषण लावतात. ‘फेसिशस होऊ नका’ असे वरिष्ठाने म्हटले, तर ती स्तुती नसून समज असते. ‘थिल्लर’ हा पर्याय अधिक कठोर ठरतो. ‘नको तेथे विनोद करणारा’ असे फोड करून सांगणेच बरे. (या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये इंग्रजीचे पाचही स्वर क्रमाने एकेकदा येतात, विद्यार्थ्यांना ते लक्षात ठेवण्यास सोपे जाते.)

जोक्युलर हा निर्विष शब्द असून ‘थट्टेखोर’ त्यास पुरतो. वॅगिश म्हणजे खट्याळ. त्यातील ‘वॅग’ हा शब्द बहुधा फासावर लटकण्याच्या लायकीच्या माणसासाठी असलेल्या जुन्या शब्दाचे संक्षिप्त रूप असावा. मराठीतही लाडक्या मुलास ‘लबाड’ म्हणतातच.

बँटर म्हणजे दोघांतील मनमोकळी शाब्दिक टोलवाटोलवी. तिची कल्पना सातारा-सांगली भागातील वाचकास तमाशातील बतावणीवरून सहज येते. शाहीर पठ्ठे बापूराव यांचे रेठरे हरणाक्ष हे गाव मूळच्या सातारा जिल्ह्यातील. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जोडी अशाच सवालजबाबी विनोदासाठी प्रसिद्ध होती. वगात राजाच्या गंभीर हुकुमावर सोंगाड्या भलतेच काही बोलतो, तेव्हा त्याचे वागणे खऱ्या अर्थाने फेसिशस असते. फरक इतकाच की तेथे त्याला तो अधिकार आहे, आणि प्रेक्षक त्याचीच वाट पाहत असतात.

व्हिम्झिकल या शब्दात लहर आणि कल्पनेचा विक्षिप्त खेळ असतो. ‘लहरी’ म्हटले तर केवळ स्वभावदोष सूचित होतो. याचे चांगले उदाहरण सांगलीजवळील हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांकडे मिळते. आर्थर मर्फी यांच्या 1761 च्या इंग्रजी प्रहसनावरून त्यांनी जे नाटक रचले, तेच पुढे 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. मर्फींचे कथानकही मोलिएर या फ्रेंच नाटककाराकडून आलेले. देवलांनी पात्रांना नावे दिली ती मराठी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. ही लहर मात्र मर्फींची नव्हे, देवलांची स्वतःची.