कठड्याचे बूड

सोसायटीच्या कमिटीने जुने रेलिंग बदलायचे ठरवले की तीन कोटेशने येतात. एक डोंबिवली एमआयडीसीतल्या शेडमधून, एक वागळे इस्टेटमधून आणि एक सेक्रेटरींच्या ओळखीच्या माणसाकडून. तिन्हींत भाव रनिंग फुटावर असतो. पाइप दीड इंची की दोन इंची, स्टील २०२ की ३०४, पॉलिश चकचकीत की मॅट, हे सगळे लिहिलेले असते. हे रेलिंग इमारतीला कशाने धरून राहणार, याबद्दल मात्र ओळ नसते. फार तर ‘फिटिंगसहित’ एवढा एक शब्द. कमिटीही विचारत नाही. मीटिंगचा सगळा वेळ डिझाइन निवडण्यात जातो.

कठडा मध्येच मोडल्याचे क्वचित दिसते. तो सुटतो बुडातून. पडलेल्या रेलिंगचा खांब बहुधा सरळच असतो, गजही जागच्या जागी असतात. बोल्ट उपटून आलेला असतो, वेल्डिंगचा टाका सुटलेला असतो, नाहीतर फरशीच्या पातळीवर लोखंड कागदाएवढे उरलेले असते.

कारण शाळेतल्या तरफेच्या धड्यात आहे. कठड्यावर किती आडवा जोर धरावा, हे आपल्याकडे भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात दिले आहे. घरातला खासगी जिना किंवा बाल्कनी असेल तर दर मीटर लांबीला साधारण ३५ किलो. इतर जिने, बाल्कन्या आणि गच्चीचे कठडे यांना ७५ किलो. आणि नाट्यगृहे, शाळा अशा गर्दीच्या जागी २२५ किलो. मधला आकडा घेऊ. खांब चार-चार फुटांवर आहेत, म्हणजे एका खांबाच्या वाट्याला सुमारे ९० किलो. हा जोर लागतो मीटरभर उंचीवर. खाली चार इंची चौकोनी प्लेट, तिला चार बोल्ट. रेलिंग बाहेर कलू लागले की प्लेट बाहेरच्या कडेवर टेकते आणि आतले दोन बोल्ट तिला खाली ओढून धरतात. त्या कडेपासून हे बोल्ट जेमतेम ७५ मिलिमीटरवर. मीटरभर लांबीच्या दांड्याला ७५ मिलिमीटरचा आधार, म्हणजे जोर तेरापटीहून जास्त वाढतो. वरचे ९० किलो खाली १२०० किलो होतात, एकेका बोल्टवर ६०० किलोची ओढ. पाइप दीड इंची असो वा दोन इंची, या ६०० किलोंत फरक पडत नाही.

डोंबिवलीच्या फडके रोडवर हा हिशोब दरवर्षी प्रत्यक्षात उतरतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवात डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने झाली. तेव्हापासून पाडव्याच्या सकाळी त्या रस्त्यावरच्या बाल्कन्यांमध्ये घरचे चारजण, पाहुणे आणि फोटो काढणारे असे सगळे एकाच वेळी बाहेर वाकतात. तिघाचौघांच्या घरासाठी बसवलेल्या बाल्कनीवर त्या तासाभरात सार्वजनिक ठिकाणचा भार येतो. दिवाळी पहाटेलाही तेच.

आपल्या जुन्या सुतारांना यातले आकडे माहीत नसतील, पण बुडाची काळजी त्यांना होती. कल्याणला पारनाका, टिळक चौक या भागात, ठाण्यात चरईत किंवा खारकर आळीत जुन्या घरांचे लाकडी सज्जे जिथे कुठे शिल्लक आहेत तिथे पाहा. कातारी गज कातून द्यायचा तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना कुसू ठेवायचा. खालच्या आणि वरच्या आडव्या लाकडात तेवढीच खोबण पाडून गज त्यात बसवला जाई. गज बसवून मग वरची आडवी ठोकली की एकही गज सुटा काढता येत नाही. खिळे मारलेच तर ते नंतरच्या दुरुस्तीचे. आणि मुख्य म्हणजे गजावर कठड्याची भिस्त नसे. घराचे लाकडी खांबच सज्ज्यातून वर गेलेले असत आणि कठड्याच्या आडव्या त्या खांबांत कुसू घालून, पाचर मारून घट्ट केलेल्या असत. बुडाशी उपटून येईल असे तिथे काही नव्हतेच. युरोपात दगडी जोत्यावर लोखंडी कठडे बसवायचे ते भोकात वितळलेले शिसे ओतून. शिसे नरम असल्याने लोखंडाच्या प्रसरणाला वाव देते. आपल्याकडे लाकडी खांबाने तीच सोय फुकटात केली.

आरसीसी आले आणि हा खांब नाहीसा झाला. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर भागात किंवा ठाण्यात नौपाड्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींच्या बाल्कन्या नीट पाहिल्या, तर त्यांचे रेलिंग साध्या लोखंडाचे असते. चौकोनी सळ्या, वर-खाली पट्टी, मध्ये कधी एखादी नक्षी. सळ्यांची किंवा खांबांची टोके फाडून, पसरून ती स्लॅबच्या कडेला ठेवलेल्या खड्ड्यात काँक्रीट भरून गाडलेली असत. पद्धत उत्तम होती. बोल्टच नसल्याने उपटण्याचा प्रश्न नव्हता. पण ही पद्धत मार खाते ती लोखंड फरशीतून वर येते त्या रेषेवर. आत काँक्रीटमधली अल्कली लोखंडाला गंजू देत नाही, वर रंग जपतो. त्या रेषेवर दोन्हींपैकी कुणी नाही. पावसाळ्यात पाणी तिथेच साचते, बाल्कनी धुतली की तिथेच साचते, कुंडीतून झिरपते तेही तिथेच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो भोवतालचे काँक्रीट फोडतो, फटीतून आणखी पाणी आत जाते आणि मग आतल्या सळ्यांचीही पाळी येते.

दर दोन-तीन वर्षांनी रंग काढायची प्रथा या दुखण्यावर पांघरूण घालते. वरची सळी चकचकीत काळी, बुडाशी रंगाचे चार थर आणि आत काहीच नाही. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आत गेले तर तो कठडा टेकण्यालायक राहिलेला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. त्यात सगळ्यांचे लक्ष कॉलम-बीमकडे असते, हे योग्यच आहे. पण इंजिनीअर आलाच आहे तर त्याला बाल्कनीच्या कडेलाही वाकायला लावावे.

आता नवे रेलिंग. कारागीर हॅमर ड्रिल घेऊन येतो, फरशीत भोक पाडतो, तीन इंची अँकर बोल्ट ठोकतो, पान्याने आवळतो, वर चकचकीत कप सरकवतो. दिवसभरात मजला पूर्ण. पण त्या तीन इंचांचा हिशोब करून पाहा. फरशी, तिच्याखालचा मसाला, मध्ये कधी एकावर एक घातलेली दुसरी फरशी असे दोन-अडीच इंच वरच संपतात. बोल्टचा उरलेला अर्धा इंच कसाबसा स्लॅबला पोचतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर तेवढाही नाही. बोल्ट आवळताना घट्ट लागतो, कारण मसालाही काही काळ धरतो. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर तो हलू लागतो. विटांच्या पॅरापेटवर ग्रॅनाइटची पट्टी टाकून तिच्यात बोल्ट मारणे हा याचाच भाऊ. तिथे आधी वर काँक्रीटचा पट्टा ओतून घेतला, तरच काही अर्थ आहे.

बोल्ट स्लॅबपर्यंत पोचला तरी दोन गोष्टी उरतात. पहिली कडेची. अँकर बोल्ट आवळला की त्याचा खालचा भाग फुलतो आणि भोकाच्या भिंतीला बाहेर रेटतो. स्लॅबची कड दीड-दोन इंचांवर असेल तर काँक्रीटचा टवका उडतो, लगेच नाही उडाला तर पुढे कधीतरी उडतो. अशा ठिकाणी केमिकल अँकर बरा: भोकात राळ भरायची आणि बोल्ट तिच्यात चिकटवायचा, तो भिंतीला रेटत नाही. जुन्या, भुसभुशीत झालेल्या काँक्रीटमध्येही त्याचीच टिकण्याची शक्यता जास्त. अट एकच, भोक ब्रशने घासून आणि हवा मारून स्वच्छ केलेले हवे. ड्रिलची धूळ आत राहिली तर राळ काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि घाईत तेच गाळले जाते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. खालून खांब नसलेल्या, भिंतीतून बाहेर आलेल्या बाल्कनीत मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, कारण ताण तिथे येतो. रेलिंगची भोकेही वरूनच पडतात. ड्रिल सळीला लागले की अननुभवी कारागीर आणखी जोर लावतो. त्याने थांबून भोक बाजूला सरकवायला हवे. प्लेट स्लॅबच्या उभ्या कडेवर बसवणे हा दुसरा मार्ग. फरशीचे वॉटरप्रूफिंग शाबूत राहते, बोल्ट आडवे जातात; मात्र स्लॅबची जाडी चार-पाच इंचच असेल तर वर-खाली कड पुन्हा जवळच येते.

स्टीलबद्दल थोडेसेच, कारण दुकानदार त्याबद्दल भरपूर बोलतो. ३०४मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हींना तो धरत नाही. ज्या डोंबिवलीत २०२० साली रसायनांमुळे एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता, तिथल्या हवेत आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या खारट वाऱ्यात २०२ला तपकिरी डाग पडणारच. पण ३०४ घेऊनही बूड बिघडवता येते: खालची प्लेट साध्या लोखंडाची वापरून, आर्गॉनऐवजी साध्या रॉडने वेल्डिंग करून, किंवा फरशी बसवल्यावर ती ॲसिडने धुऊन. ते ॲसिड कपाच्या आत शिरते आणि तिथेच राहते. कप दिसायला छान असला तरी मला तो आवडत नाही. जे रोज दिसायला हवे ते तो झाकतो.

गजांचे अंतर ठरवताना ब्रिटनमध्ये १०० मिलिमीटरचा गोळा आरपार जाऊ नये असा दंडक आहे, अमेरिकेत चार इंचांचा. लहान मुलाचे डोके हे त्याचे माप. फॅशनमध्ये असलेले आडवे पाइप टाळावेत, मुले त्यांना शिडी समजतात आणि त्यात मुलांची चूक नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये आता काच आली आहे. तिथे खांब नाहीत, गज नाहीत. खाली ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये पकडलेली काच स्वतःच कठडा. म्हणजे सगळा भार पुन्हा बुडावर. काच धातूला थेट टेकता कामा नये, मध्ये रबर हवे. आणि चॅनेलला पाणी जायला भोके हवीत. नुसती टफन्ड काच आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे कधी काही न लागताही फुटते आणि तिचा चुरा खालच्या मजल्यांवर पडतो. दोन काचांमध्ये पडदा चिकटवलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर राहते. महाग आहे, पण वरच्या मजल्यावर मी दुसरा विचार करणार नाही. माथ्यावर सलग पट्टी असेल तर एक काच गेली तरी हात धरायला काही उरते.

श्रावण संपत आला की आणखी एक भार येतो, जो कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो. ठाण्यातल्या मोठ्या हंड्या हल्ली क्रेनला टांगतात. गल्लीतल्या हंडीचा दोर मात्र अजून समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांना बांधला जातो. गल्ली चाळीस फूट रुंद, दोर मध्ये दोन फूट झोळलेला, आणि हंडी फुटल्यावर एखादा गोविंदा दोराला लोंबकळला, तर हंडीसह ७० किलो. दोर जितका ताठ, तितकी ओढ जास्त. इथे ती दोन्ही टोकांना सुमारे ३५० किलो भरते. खांबाचा हिशोब ९० किलोंचा होता. दोर रेलिंगला बांधू नये, इमारतीच्या कॉलमला बांधावा, आणि थोडा सैल सोडावा. झोळ चार फूट केला की ओढ निम्म्यावर येते.