म्हाळसा वर, बानू खाली

जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं, म्हणजे बानूचं, देऊळ लागतं. बरेच भाविक तिथे घाईत हात जोडतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत पुढे सरकतात. खरं तर इथे जरा थांबावं. खंडोबाच्या संसाराचा निवाडा याच डोंगरावर झाला, असं कथा सांगते.

म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचं लग्न लागलं ते पालीला. बानू चंदनपुरीच्या धनगराची. म्हाळसेबरोबर सारीपाटात देव हरला, पणाप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडला आणि वेषांतर करून बानूच्या बापाकडे मेंढ्या राखायला राहिला. परतला तो नवी बायको घेऊनच. पुढचं भांडण देवाचे गायक वाघ्या-मुरळी जागरणात रात्र रात्र रंगवतात. थोरली धाकटीची जात काढते, मेंढ्यांचा वास काढते; धाकटीही ऐकून घेणारी नाही. दोघींच्या मध्ये मणी-मल्ल या दैत्यांचा संहार करणारा देव पार गप्प. दोन बायका, फजिती ऐका! शेवटी डोंगराचीच वाटणी झाली, वरचा भाग म्हाळसेला, खालचा बानूला.

ही कथा नुसती करमणुकीची नाही. वाणी आणि धनगर दोघांनाही देव आपला जावई वाटतो आणि गडावर दोघांचाही मान चालतो. धनगर समाजातल्या होळकरांनी गडाच्या बांधकामाला हातभार लावला, त्यांच्या मूळ पुरुषाचं नावही मल्हारराव.

शत्रूंचीही सोय लावलेली आहे. ‘मल्हारी माहात्म्या’त मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळच जागा मागून घेतो. मल्ल मात्र शेवटपर्यंत माणसांच्या नाशाचाच वर मागतो. त्याचं शिर उतरवून देवळाच्या पायरीशी ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून. तरी ‘मल्हारी’ म्हणजे मल्लाचा अरी, म्हणजे देवाचं नाव घेतलं की मल्लाचंही येतंच.

गडावर पोचल्यावर तळी भरायची. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा. पाच जण कडेला हात लावून ते वर उचलतात, खाली टेकवतात, जयघोष करत पुन्हा उचलतात. मग खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा उधळला जातो. पायऱ्या, दीपमाळा, माणसांच्या भुवया, सगळं पिवळं. भंडारा म्हणजे हळद. हळदीच्या नावाखाली विकलेली स्वस्त पिवळी पूड मात्र डोळ्यांना झोंबते. देवाच्या दारात तरी भेसळ नको होती.

जागरणातल्या मुरळीबद्दल बोलताना गाण्याच्या गोडव्यावर भागत नाही. नवस म्हणून पोरी देवाला वाहिल्या जात आणि त्यांचं पुढचं आयुष्य देव नव्हे, गाव ठरवत असे. मुली वाहण्याची ती चाल कायद्याने बंद झाली. आज जागरणात नाचगाणं करणाऱ्या मुरळीला कलावंताची बिदागी मिळायला हवी, पण तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर अजून पुरती बदललेली नाही.

दसऱ्याच्या रात्री गडाची पालखी दरीत उतरते आणि कडेपठारच्या पालखीला भेटते. कडेपठार हे देवाचं जुनं ठाणं, गडाहून उंच डोंगरावरचं. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळी देवाचा सुमारे ४२ किलोचा खंडा, म्हणजे तलवार, पेलून दाखवतात. काही तर तो दातांत धरून उचलतात. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला घरोघरी वांग्याचं भरीत नि बाजरीचा रोडगा. चातुर्मासात वांगं वर्ज्य केलेल्या घरांत त्या दिवशी भरीत दुसऱ्यांदा मागावं लागत नाही, न विचारताच ताटात पडतं.